सगळ्यांचे सारखे दोन मीटर

म्बुयुनी, दार-एस-सलाम
शनिवार, सकाळ

वडील बंधू एलियाकिमूदादा यांस,

धाकट्या न्देकिर्वाचे शिकामू. पत्रातून पाय धरता येत नाहीत, तेव्हा ते धरले असं समज. तूही तिकडून 'मराहाबा' म्हणालास असं धरून मी पुढे लिहितो. (फोन का केला नाही, असं विचारशील. आमच्याकडे फोनवर बोललेलं कोपऱ्यावरच्या कोळशाच्या दुकानापर्यंत ऐकू जातं, आणि पुढचा मजकूर कोळशाच्या दुकानासाठी नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? नाकिज्वावहिनींचा खोकला गेला का? तांबडी गाय व्यायली असं चर्चमध्ये उसांगीच्या एका माणसाने सांगितलं. सख्ख्या भावाच्या गाईची बातमी मला परक्याकडून कळावी याचं वाईट वाटलं, पण ते असो. आईच्या कबरीला चुना लावून घेतलास त्याचा फोटो पोचला. केळीच्या सावलीत दोघं शेजारी शेजारी, बाबा आणि आई. अकरा वर्षं झाली बघ. मी बसभाडं वाचवायला गावी येत नाही असं वहिनी म्हणतात म्हणे. त्यांना सांग, ते खरं नाही. मला रस्त्याचं काम होतं. नामसिफूची तब्येत ठीक आहे, मात्र ती माझ्याशी गेले दोन महिने कामापुरतंच बोलते, कारण तिचा धुण्याचा ओटा बंद झाला आहे आणि तिला बादल्या उचलून घरामागे न्याव्या लागतात. (ओटा का बंद झाला ते शेवटी सांगतो. इथे ओघ तुटेल.)

तर रस्ता. आमचा मोहल्ला तुला आठवत असेल. म्बुयुनी म्हणजे गोरखचिंचेपाशी. गोरखचिंच कधीच तोडली, नाव तेवढं उरलं. तू आलास तेव्हा इथे कसावाची शेतं आणि तीन घरं होती. मग दहा घरांचे मुखिया पाझीबाबा यांनी आपली वडिलार्जित जमीन विकायला काढली, आणि ती त्यांनी अशी विकली की देवालाही पुन्हा जुळवता येऊ नये. वहीच्या पानावर 'या आंब्यापासून त्या नारळापर्यंत' असं लिहायचं, खाली शिक्का मारायचा, झालं खरेदीखत. पुढे आंबा वठला, नारळ वाऱ्याने पडला, आणि माणसं हद्द शोधत राहिली. मधे रस्ता ठेवावा हे कुणालाच सुचलं नाही, कारण रस्ता विकत घ्यायला कुणी येत नव्हतं. आता तीनशे घरं आहेत आणि मधून जी वाट जाते तिच्यातून एक बकरी आणि एक माणूस एकदम गेले तर एकाला माघार घ्यावी लागते. बकरी घेत नाही. मैला उपसणारी गाडी वाटेच्या तोंडाशी थांबते, तिची नळी सहाव्या घरापर्यंत पोचते, आणि आमचं घर एकोणिसावं. पुढचं वर्णन तू जेवणाच्या वेळी वाचत असशील म्हणून करत नाही. पण पलीकडच्या गल्लीतल्या बाळंतिणीला हातगाडीवर घालून मोठ्या रस्त्याला न्यावं लागलं, आणि हातगाडी कोळशाची होती, हे लिहायलाच हवं.

अशात पालिकेने जाहीर केलं की तुम्ही लोकांनी आपसात ठरवून रस्त्याला जागा सोडलीत तर मोजणी करून प्रत्येकाला हक्काचा कागद देऊ. सरकारी शिक्क्याचा, आंबा-नारळ नसलेला. आता पुन्हा कुणी येऊन 'ही जागा माझी' म्हणणार नाही आणि घराच्या भिंतीवर तांबडी फुली मारणार नाही. सभा भरली, समिती झाली आणि मी तिचा चिटणीस झालो. का, तर मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि मी जमातीने पारे आहे. (पारे माणूस कोंबडीसाठी कोर्टात जातो पण नियम सोडत नाही, असं इथे सगळे म्हणतात. ते कौतुक नसतं हे मला कळतं, तरी मी ते कौतुक म्हणून घेतलं.)

नियम मी केला. फळा आणवला, दोन समांतर रेषा काढल्या आणि सांगितलं की रस्ता चार मीटरचा, म्हणजे प्रत्येकाने आपल्या बाजूचे दोन मीटर सोडायचे. सगळ्यांचे सारखे दोन मीटर. मोठा नाही, छोटा नाही. चग्गा नाही, झारामो नाही. चर्च नाही, मशीद नाही. दादा, टाळ्या पडल्या. आयुष्यात भागाकाराला टाळ्या पडलेल्या मी प्रथमच ऐकल्या. तेवढ्यात मागून बी मोझा उठल्या. त्या आमच्या समोर राहतात, वाटेच्या पलीकडे. सात वर्षांपूर्वी किल्वाहून आल्या, नवरा नाही, मुलगी गेली, तिच्या दोन पोरी सांभाळतात आणि पुढच्या खोलीच्या ओसरीवर मांदाझी तळतात. त्यांची जागा अकरा पावलं लांब आणि नऊ पावलं रुंद. स्वाईची, म्हणजे लोखंड-सिमेंटवाल्या स्वाईची, चाळीस पावलं आणि वर काचा लावलेली भिंत.

"मास्तर," बी मोझा म्हणाल्या, "स्वाईसाहेबांच्या ताटातले दोन घास आणि माझ्या ताटातले दोन घास सारखेच का हो?"

मी काय म्हणालो ते लिहितो, कारण तू मला लहानपणापासून ओळखतोस. मी म्हणालो, "बी मोझा, दोन म्हणजे दोनच. आकड्याला गरीब-श्रीमंत कळत नाही." पुन्हा टाळ्या. स्वाईने सगळ्यात जोरात वाजवल्या. मग स्वाईच्या चाळीतला एक भाडेकरू शिंपी उठून विचारू लागला की खोली अर्धी गेली तर त्याने शिलाई मशीन कुठे ठेवायचं. पाझीबाबांनी त्याला खाली बसवलं. "ज्याच्या नावावर उंबरा नाही त्याने रस्त्यावर बोलू नये." मोहल्ल्यात निम्म्याहून जास्त माणसं भाड्याने राहतात, त्यांचं त्या दिवशी पाणी देण्याचं काम होतं, ते त्यांनी नीट केलं.

मोजणीच्या दिवशी दोन तरुण मोजणीदार तीन पायांचं यंत्र घेऊन आले. सुरुवात स्वाईच्या भिंतीपासून. मी दोरी धरून उभा, समितीचा बिल्ला लावलेला. स्वाई दारात चहा पीत म्हणाला, "मास्तर, ही भिंत म्हणजे कायमचं बांधकाम. पाडा की, मी कुठे नको म्हणतो? फक्त भरपाई कुणाच्या खिशातून देणार तेवढं सांगा." मोजणीदाराने माझ्याकडे बघितलं. मी पाझीबाबांकडे बघितलं. पाझीबाबा आभाळाकडे बघत होते. शेवटी यंत्र दोन मीटर सरकलं आणि समोरच्या म्हाताऱ्या किझितोच्या गोठ्यातून चार मीटर गेले. किझितोला ओरडताही आलं नाही, कारण त्याची बकरी सुटली होती आणि तो तिच्यामागे गेला होता.

दादा, बातमी यंत्रापेक्षा लवकर चालते. 'कायमचं असेल ते सुटतं' एवढं लोकांना कळलं आणि दुपारपर्यंत आमच्या मोहल्ल्यात जे जे होतं ते सगळं कायमचं झालं. एकाने मोटार ठेवायच्या छपराला 'पवित्र स्थान' असा फलक लावून तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि स्वतः डोळे मिटून बसला. प्रार्थनेच्या जागी यंत्र कसं लावणार? दुसऱ्याने दारावर तांबडा क्रॉस रंगवला आणि दवाखाना केला. (सुया, औषधं नाहीत; एक बाकडं आणि बायकोची आजारी बहीण.) तिसऱ्याने विहीर दाखवली. ती विहीर नव्हती, संडासाचा खड्डा होता, पण वास आल्यावर मोजणीदारांनी खोलात जायचं टाळलं. दोन मीटर द्यायला सगळे तयार होते, फक्त शेजाऱ्याचे. रेषा इकडून तिकडे, तिकडून इकडे, जिथे काही कायमचं नाही तिथून जात राहिली. आणि कायमचं कुणाकडे नसतं ते तुला माहीत आहे. मी दोरी धरून मागे मागे चाललो होतो. फळ्यावरच्या त्या दोन समांतर रेषा सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या आणि मला लाज वाटत होती. असं करत ती रेषा आमच्या घरापाशी आली, आणि तिथेही वळली. (का वळली ते पुढे. आधी बाकीचं सांगून घेतो.)

आमच्याकडून वळली म्हणजे बी मोझांकडे गेली. नऊ पावलांतले चार मीटर. पुढची खोली, ओसरी, चूल, आणि सकाळी ज्या बाकड्यावर बसून मी सात वर्षं मांदाझी खाल्ली ते बाकडं. त्यांनी कुरकूर केली नाही. कागदावर अंगठा स्वतः होऊन दिला. भिंतीवर तांबडी फुली मारायला आलेल्या माणसाला त्यांनी चहासुद्धा दिला, आणि फुली जरा सरळ मार रे बाबा, पोरी रोज बघणार आहेत, असं सांगितलं. आठवड्याने खोली पडली. आता राहिलेल्या एका खोलीत तिघी, सामान आणि पिठाची पोती.

मग कागद आले. मोठा समारंभ झाला, मंडप, ढोल, पिलाव. माझा कागद मी छातीशी धरला तेव्हा मला रडू आलं, खोटं सांगत नाही. बी मोझा डोक्यावरून नवी कांगा घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं नाव आलंच नाही. विचारलं तर साहेब म्हणाले, ठरावीक मापाहून लहान तुकड्याला कागद मिळत नाही, आणि यांचा तुकडा रस्त्याला जागा दिल्यावर त्या मापाहून थोडासा कमी भरतो. म्हणजे ज्या बाईने रस्त्याला सगळ्यात जास्त दिलं तिला कागद नाही, आणि ज्याने एक वीटही दिली नाही त्या स्वाईला पहिला कागद, तोही हार घालून. तो नियम माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होता. सभेत ते पत्रक मीच वाचून दाखवलं होतं. शेवटचं पान राहिलं, कारण चहा आला होता.

आणि रस्ता? मैला उपसणारी गाडी परवा आली. सगळा मोहल्ला नाकाला फडकं लावून स्वागताला उभा. गाडी स्वाईच्या भिंतीपाशी एकदा वळली, पवित्र स्थानापाशी दुसऱ्यांदा वळली, आणि आमच्या घराच्या वळणाला येऊन अडकली. पुढे जाईना, मागे येईना. ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं, "हा रस्ता कोणत्या शहाण्याने आखला?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एकमताने झालेलं मोहल्ल्यातलं हे पहिलंच काम. गाडी चार तासांनी रिकामीच परत गेली. स्वाईची मोटार तेवढी व्यवस्थित घरापर्यंत जाते.

तर असं आहे, दादा. माणसाला न्याय नको असतो, कोपरा हवा असतो, आणि तो दुसऱ्याच्या जागेतला. बाबा असते तर या एकेकाला त्यांनी काठीने सरळ केलं असतं, आणि त्यात पाझीबाबाही सुटले नसते. मन फार कडू झालं म्हणून एवढं लांबण लावलं. गुडघ्याला गरम तेल लाव, चर्चमध्ये माझ्या नावाची प्रार्थना सांग आणि वहिनींना माझा नमस्कार दे. रागावला नसशील तर आशीर्वाद पाठव; रागावला असशील तरी पाठव.

तुझाच,
न्देकिर्वा

ता. क. महत्त्वाचं राहिलं. म्हाताऱ्या किझितोने पालिकेत तक्रार केली आहे (तो पारे नाही, तरी), आणि पुढल्या मंगळवारी फेरतपासणी आहे. त्याआधी तुला कुणी साहेब फोन करतील. तुझा नंबर मीच दिला. ते विचारतील, तुमची आई कुठे पुरली आहे? तू म्हणायचं, दार-एस-सलामला, धाकट्याच्या अंगणात.

हे वाचून तू खुर्चीवरून उठला असशील. बस. मी काही बांधलं नाही, दादा, शपथेवर सांगतो. नामसिफूचा धुण्याचा ओटा वाटेच्या कडेला होता. सिमेंटचा, माणसाच्या उंचीएवढा लांब, हात-दीड हात रुंद. अंगण तेवढंच होतं म्हणून तसा केला होता. त्या दिवशी तो कोरडा होता आणि कडेने मोगरा फुलला होता. मोजणीदार पोरगा तिथे येऊन थांबला, त्याने टोपी काढली आणि हळूच विचारलं, "मास्तर, ही कबर कुणाची?" मी बोललो नाही. मी फक्त बोललो नाही. ओट्यामागे आमची नवी खोली, पेन्शनची, दोन मीटरमध्ये अर्धी जात होती. पाझीबाबा माझ्याकडे बघत होते. त्या वेळच्या तीन घरांतले तेवढेच उरलेले, त्यांना पक्कं माहीत होतं की आईला पुरायला बसने गावी नेलं. पण पलीकडची एक पट्टी त्यांनी दोघांना विकली आहे, हे मला माहीत आहे. ते म्हणाले, "मास्तरांची आई. मीच माती लोटली होती." आणि डोळे पुसले. स्वाई मागून ओरडला, "अरे, चग्गा आईला डोंगरावर घरी नेतो, पारे बसभाडं वाचवतो!" सगळे हसले. आमची थट्टा चालते, मीही हसलो, आणि त्या हसण्यात ती कबर पक्की झाली.

बी मोझा झारा हातात घेऊनच आल्या. झारा खाली ठेवला, पदर डोक्यावर ओढला. म्हणाल्या, "सात वर्षं समोर राहते, मास्तर, एकदा बोलला नाहीत." मी म्हणालो, "दुःख सांगून काय करायचं?" तेवढं मात्र मी बोललो. मग त्या मोजणीदाराकडे वळल्या. "कुणाच्या आईच्या अंगावरून गाड्या घालू नका रे. माझ्याकडून घ्या. खोली काय, परत बांधता येते."

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर आईचं नाव आणि सालं रंगवली. नामसिफूने ते बघितलं आणि बादल्या उचलल्या. "सासूबाईंच्या अंगावर धुणं आपटू होय?" एवढंच म्हणाली. गाडी अडकते ती याच वळणाला.

ता. क. २. तू म्हणशील, खरं सांगून टाक. सांगितलं तर बी मोझांची खोली उभी राहणार आहे का? कागद मात्र माझा जाईल. तो मी परत करणार नाही, दादा. माझं मला ठाऊक आहे, आणि तुलाही कळलेलं बरं.

पण एक काम कर. बी मोझांची चूल गेली, म्हणून त्या आता ओट्याच्या शेजारी बसून तळतात. मीच बसा म्हणालो. दर गुरुवारी त्या ओटा झाडतात, पाणी शिंपडतात, मोगरा ठेवतात आणि आईशी बोलतात. त्या मुसलमान, आपण ल्युथरन, पण आईला काय, असं म्हणतात. परवा मी खिडकीत होतो. त्या म्हणत होत्या, "पोरगा गुणी आहे हो तुमचा. चिटणीस झाला, तरी माझ्या हातचं खातो."

तर केळीखालची, आईच्या उशाशी असते ती थोडी माती काढ. साखरेच्या पिशवीत बांधून सामेच्या बसड्रायव्हरकडे दे; वर माती लिहू नकोस, बियाणं लिही. ओट्याचा एक कोपरा फुटला आहे, तिथून आत सारतो. जास्त नको, मूठभर पुरे. गुरुवारच्या आत पोचव. ती बाई दर गुरुवारी कुणाशी तरी बोलते, आणि आत कुणीच नाही.